पिवळी खूण

किशोरीला कोणी गाव विचारलं, तर ती "पेणच्या अलीकडे, खारेपाटात" एवढंच सांगायची. नाव सांगून कोणाला कळायचं नाही इतकं ते लहान. भरतीला खाडीचं पाणी आमच्या गावातल्या शेतांपेक्षा वर चढतं आणि मधे असतो फक्त मातीचा एक लांबलचक बांध. त्या बांधाला एका ठिकाणी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडली की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं, आणि भरतीला मिटली की खारं पाणी बाहेर राहतं. बांध धड असेल तर भात, बांध फुटला तर पुढची दोन-तीन वर्षं नुसती पांढरी पडलेली जमीन. गावातलं प्रत्येक पोर हे चालायला लागायच्या आधी शिकतं.

किशोरीचे वडील दादू हे उघाडी सांभाळणारे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते चार गडी घेऊन बांधावरून फिरायचे. हातात फावडं, डोळे खाली. खेकड्याचं एखादं बीळ दिसलं तरी ते लगेच बुजवायचे, कारण पाणी आधी बिळातूनच आत शिरतं. पाऊस असो, वारा असो, ही फेरी चुकायची नाही.

घरात आई जनी होती, पण किशोरीला वाढवलं आतेनं. सोनूबाई तरुणपणीच नवरा गमावून, लहानग्या विनेशला घेऊन भावाच्या घरी आली होती. मोठ्या गळ्याची, मोठ्या हसण्याची बाई. शेतात असली की दोन शेतांपलीकडे कळायचं. लावणीला तिच्या पुढे कोणी जात नसे, आणि चिखलातून जिताडा माशाचं पिल्लू नुसत्या हातानं पकडून ओच्यात टाकणारी गावात ती एकटीच. किशोरी अलिबागच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला गेली, तेव्हा जनी धास्तावली होती. सोनूबाईच म्हणाली, "जाऊं दे तिला. चिखल काय पलून जातंय का कुठं?"

शिकून किशोरी बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत लागली. दहाबारा माणसं, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. कंपनी वेगवेगळी यंत्रं बनवायची, त्यांना लागणारं सॉफ्टवेअर लिहायची. तिथे असताना सरकारी खात्याकडून एक काम आलं: खाडीकाठच्या उघाड्यांवर पाण्याची पातळी मोजणारे संच बसवायचे. पाणी खुणेच्या वर गेलं की संचानं संदेश पाठवायचा, आणि गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी घंटी वाजायची. पहिल्या गावांच्या यादीत स्वतःचं गाव पाहून किशोरी त्या दिवशी जेवलीच नाही, इतका आनंद.

संच बसला त्या दिवशी ती गावात होती. तिनं मुद्दाम पाण्याचं मापक वर उचललं आणि अख्ख्या आळीतून, पडवीतून, गोठ्यातून घंट्या वाजायला लागल्या. सोनूबाई हसता हसता मटकन खाली बसली.

"अगं, ही तं आपली किशोरी वराडतंय!" ती म्हणाली. तेव्हापासून गावात त्या आवाजाला किशोरीची घंटी असंच नाव पडलं.

पहिल्या पावसाळ्यात घंटी वेळच्या वेळी वाजली. लोक शेतातून वर आले, गडी फावडी घेऊन बांधावर गेले, दोनदा पाझर बुजवला गेला. दुसऱ्या पावसाळ्यात दादूंच्या फेऱ्या विरळ झाल्या. गुडघे दुखत होते, बरोबर यायला माणसंही मिळेनाशी झाली होती. तरणी पोरं कंपन्यांत पाळीला जायची. "घंटी हाय ना," असं जो तो म्हणायचा. दादूही म्हणायचे.

आता ऑफिसातलं सांगायला हवं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीही काही बदल केला की कंपनीच्या सर्व्हरवर सगळ्या टेस्ट, म्हणजे लहान लहान चाचण्या, आपोआप चालायच्या. सगळ्या पास झाल्या की हिरवी खूण, बदल पुढे. एक जरी नापास झाली की लाल खूण, नवी आवृत्ती तयार व्हायचा बिल्ड अडला, कोणाचंच काम पुढे जायचं नाही. शिस्त चांगली होती आणि किशोरीला ती आवडायची. यातली एक टेस्ट तिनं स्वतः लिहिली होती. ती खोटं खोटं मोबाइलची रेंज घालवायची, थोड्या वेळानं परत आणायची आणि पाहायची की अडकलेला इशारा रेंज येताच जातो की नाही. गावाकडे टॉवर कसे बंद पडतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून लिहिली होती.

पण ती टेस्ट लहरी निघाली. सर्व्हरवर काम जास्त असलं की तिचं वेळेचं गणित चुकायचं, आणि सगळं ठीक असतानाही ती नापास व्हायची. पुन्हा चालवली की पास. एकदा खात्याला नवीन आवृत्ती द्यायची होती, आणि त्या टेस्टनं सकाळपासून बिल्ड अडवून धरला. निकेत, म्हणजे कंपनीचा मालक आणि सगळ्यांचा साहेब, खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला.

"किशोरी, यार, ये टेस्ट का कुछ कर. क्लायंट फोनवर बसलाय."

"टेस्ट नीट लिहायला हवी, निकेत. वेळेचा भाग बदलायचाय. मला जरा सलग वेळ दे."

"सलग वेळ कुठून आणू? ऑप्शनल कर ना. चालू दे, फेल झाली तरी बिल्ड फेल नको. बस."

शेजारी बसणारी हेमाली म्हणाली, "काढून टाकण्यापेक्षा बरंय गं. निदान चालत तरी राहील. कोणीतरी बघत जाऊ."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी असं करतात. किशोरीनं सेटिंगच्या फायलीत एक ओळ घातली: ही टेस्ट नापास झाली तरी पुढे जा. त्या दिवसापासून ती नापास झाली की लालऐवजी पिवळी खूण यायची, आणि बिल्ड पार व्हायचा. आवृत्ती वेळेत गेली. संध्याकाळी निकेतनं सगळ्यांना वडापाव मागवला.

ठरलं असं होतं की दर सोमवारी किशोरी पिवळ्या खुणा पाहील, आणि हाताशी वेळ आला की टेस्ट सुधारेल. काही सोमवार तिनं पाहिल्या. कधी पिवळी, कधी हिरवी, नेहमीचा लहरीपणा. मग तिला दुसऱ्या कामावर घातलं, सोमवारची ती सवय सुटली, आणि ती दुसऱ्या कोणाला लावावी हे कोणाच्या मनात आलं नाही. पिवळी खूण पानावर राहिली. सगळ्यांना दिसायची, रोज दिसायची, म्हणून दिसेनाशी झाली.

तो दुसरा पावसाळा लागताच संचांच्या बॅटऱ्या बसायला लागल्या. ऊन नाही, सौर पॅनेल भरत नाही. स्वप्निल म्हणून नवा मुलगा लागला होता, हुशार, मेहनती. त्यानं उपाय काढला: रेंज नसेल तर संचानं दोनदा प्रयत्न करावा, मग तासभर झोपावं, म्हणजे बॅटरी टिकेल. ते सॉफ्टवेअर किशोरीला माहीत होतं, म्हणून बदल तपासायला तिच्याकडे आला. तिनं वाचला. दोनदा प्रयत्न, मग झोप. बॅटरी मेली तर घंटी कधीच वाजणार नाही, त्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. एक पिवळी.

"ती पिवळी ती नेहमीचीच ना?" स्वप्निलनं विचारलं.

"हो, ती लहरी आहे," किशोरी म्हणाली, आणि तिनं बदल मंजूर केला.

श्रावणातल्या अमावस्येला मोठं उधाण होतं. आमच्याकडे मोठं उधाण येतं ते दुपारच्या सुमारास. भातातलं तण काढायचे, बेणणीचे दिवस, बायका शेतात वाकलेल्या. सकाळपासून वारा सुटला होता आणि पाऊस आडवा मारत होता. जनीला ताप होता म्हणून ती घरी राहिली. सोनूबाई दोघी शेजारणींबरोबर बांधाला लागून असलेल्या शेतात गेली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, कमरेला खोचलेला. जाताना दादूंनी पडवीतून विचारलं, "वारा हाय, आजचा दिवस ऱ्हाऊं दे की."

"घंटी वाजली की येतंय वर," ती म्हणाली.

खाडीचं पाणी चढलं. संचानं पातळी बरोबर मोजली. त्याच सुमारास वाऱ्यानं तारा तुटून टॉवरची वीज गेली आणि रेंज गेली. संचानं एकदा इशारा पाठवून पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, आणि सांगितल्याप्रमाणे झोपी गेला. थोड्याच वेळात टॉवरचा जनरेटर सुरू झाला, रेंज परत आली. बायकांनी मोबाइल काढून कोणाकोणाला फोनही केले. सोनूबाईनं घरी फोन करून जनीला पेज घेतली का विचारलं. "घंटी न्हाय वाजली अजून," असंही म्हणाली. संच झोपलेलाच होता.

बांध उघाडीपासून थोडा पुढे फुटला. आधी घोंगावल्यासारखा आवाज आला, मग मातीचा एक मोठा लचका सरळ आत पडला आणि त्यामागून खाडी आली. दोघी शेजारणी वरच्या बाजूला होत्या, त्या शेताची उंच मेर धरून पळत सुटल्या. सोनूबाई सगळ्यात पुढे होती. ती नेहमीच पुढे असायची. शेजारीण भागुबाईनं तिला उभी राहताना पाहिलं, पदर सावरताना पाहिलं, आणि मग तिथे पाणीच होतं.

दादू धावत बांधावर आले, गावातले होते तेवढे गडी आले. पेंढा, गोण्या, माती, काही टिकेना. बांधाला पडलेली खांड रुंदावत गेली. ओहोटी लागल्यावर पाणी उघाडीकडे ओढलं गेलं आणि सोनूबाई तिथेच सापडली, दाराच्या लाकडाला अडकलेली. विनेशनं आईला उचलून आणलं. मोबाइल अजून कमरेला होता, पिशवीची गाठ पक्की.

किशोरी पोचली तेव्हा अंगणात माणसं बसली होती. आते पडवीत. तिच्या नखांत चिखल होता, आणि कोणीतरी तो काढायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. विनेशनं वर पाहिलं.

"घंटी का न्हाय वाजली, किशोरी?"

"माहीत नाही, दादा," ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं.

दहावं झाल्यावर ती ऑफिसात गेली. शोधायला काही लागलं नाही. काही लपलेलंच नव्हतं. टेस्टच्या पानावर खुणांची रांग होती: पिवळी, हिरवी, हिरवी, पिवळी. मग स्वप्निलचा बदल, आणि तिथून पुढे पिवळी, पिवळी, पिवळी, शेवटपर्यंत. त्या दिवसानंतर ती टेस्ट एकदाही पास झाली नव्हती. ती लहरी राहिली नव्हती. प्रत्येक वेळी, प्रत्येक बदलाला, रात्रंदिवस ती एकच गोष्ट सांगत होती: रेंज परत आली तरी इशारा जात नाही. लाल असती तर तो बदल पुढे गेलाच नसता.

हेमालीनं मागून येऊन पाहिलं आणि तोंडावर हात धरला. स्वप्निल पांढरा पडला. "मी विचारलं होतं ना तुला," एवढंच तो म्हणाला, आणि लगेच "सॉरी" म्हणाला.

निकेतनं तिला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं. तो वाईट माणूस नव्हता. आतेच्या बातमीनंतर त्यानं स्वतः गाडी देऊन तिला गावी पाठवलं होतं.

"बघ, टॉवर गेला होता. फॅक्ट आहे. खात्याला आपण तेच सांगणार."

"टॉवर परत आला होता. आते फोनवर बोलली घरी. बांध त्यानंतर फुटला."

"बांध जुना होता, किशोरी. घंटी वाजली असती तरी फुटलाच असता."

"फुटला असता. ती तिथे नसती."

"ते ऑप्शनल तू केलंस," निकेत हळूच म्हणाला. "मी सांगितलं, पण ओळ तुझी आहे. तुझ्यासाठीच म्हणतोय, हे उकरू नकोस."

ती जागेवर आली आणि टेस्ट सुधारायला बसली. घड्याळाच्या भरवशावर न राहता, रेंज आल्याची खूण मिळेपर्यंत थांबायचं, इतकंच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. पन्नास वेळा चालवली, पन्नासही वेळा तिनं स्वप्निलच्या बदलावर बरोबर बोट ठेवलं. मग संचाची झोप काढून टाकली, टेस्ट हिरवी झाली, आणि किशोरीनं सेटिंगमधली ती ओळ पुसली. इतकंसं काम होतं.

खात्याच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली तेव्हा निकेतनं टॉवरचं सांगितलं. किशोरी उठून उभी राहिली आणि तिनं बाकीचं सांगितलं, टेस्ट, पिवळी खूण, मंजुरी, सगळं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. त्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला.

"म्हणजे नेटवर्क गेलं होतं, हे बरोबर?"

"गेलं होतं, पण..."

"मग झालं तर. ते तांत्रिक तुमचं तुम्ही बघा." आणि त्यानं पुढचा विषय घेतला.

महिन्याभरात कंपनीनं तिला दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं.

गावाला सांगायचं राहिलं होतं. पहिल्यांदा तिनं वडिलांना सांगितलं, पडवीत, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. सोप्या शब्दांत सांगितलं. आम्ही एक पारख ठेवली होती, ती अडवायची म्हणून तिला नुसतं बोलायला ठेवलं, आणि मग तिचं कोणी ऐकलं नाही. दादू शेताकडे पाहत होते. शेतात खारं पाणी वाळून मिठाची साय धरली होती, भाताची रोपं तांबडी होऊन आडवी पडली होती.

"मी घरात होतो," ते म्हणाले. "उधाण, वारा, आन मी घरात. माझा बा असता तं त्यानं मला जिता गाडला असता. घंटी वाजंल म्हून बसून होतो."

"बाबा, तुमचा काय दोष..."

"न्हाय का? तुझा हाय आन माझा न्हाय?" ते पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "गप. आता वाटून घेऊन काय ती परत येतंय?"

विनेशला तिनं त्यानंतर सांगितलं. तो बांधावर खांड बुजवायच्या कामाला होता, गुडघाभर चिखलात. सगळं ऐकून घेतलं. तिला वाटलं तो शिवी देईल, फावडं टाकेल. त्यानं फक्त विचारलं, "तुम्हाला दिसत व्हती ती पिवळी?"

"दिसत होती, दादा."

"रोज?"

"रोज."

तो पुन्हा माती उचलायला लागला. ती घरी गेली.

गावानं संच काढून टाकायला लावला. मीटिंगमध्ये किशोरी म्हणाली की आता तो नीट झालाय, वाजेल. भागुबाई म्हणाली, "वाजंल गं, पन आमाला झोप न्हाय लागायची." कोणी वाद घातला नाही. संच गाडीत घालून नेला, उघाडीच्या भिंतीवर चार बोल्टची भोकं राहिली. उधाणाला पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या, पण फिरायला माणसं तीनच. दादू काठी टेकत जायचे, दमून मधेच बांधावर बसायचे.

त्या जमिनीत पुढच्या पावसाळ्यात काही उगवलं नाही. विनेश नागोठण्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. किशोरीला पनवेलला नोकरी मिळाली, औषधांच्या दुकानांचं बिलाचं सॉफ्टवेअर. तिथे कोणाचा जीव जात नाही म्हणून तिनं ती घेतली. लग्नाची बोलणी दोनदा गावापर्यंत आली आणि दोनदा परत गेली. कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

सोनूबाईच्या वर्षश्राद्धाला विनेशनं नात्यातल्या सगळ्यांना स्वतः बोलावलं, किशोरीला बोलावलं नाही. ती आली. मागच्या दाराशी बायकांत बसून तिनं वाल सोलले, भांडी घासली. पंगत बसली तेव्हा ती उभीच होती. विनेश वाढत होता. तिच्यापाशी आला, थांबला, आणि रिकाम्या जागी एक पत्रावळ टाकून पुढे गेला. तिनं मान खाली घालून जेवण केलं. जिताड्याचं कालवण नव्हतं त्या दिवशी. आता आमच्या गावच्या चिखलात नुसत्या हातानं जिताडा पकडणारं कोणी नाही.

जाताना तिनं त्याला हाक मारली, "दादा, येते."

तो ओट्यावर पाठमोरा बसून तांब्यानं पाणी ओतून हात धूत होता. तो वळला नाही. पाणी ओतण्याचा आवाज मात्र थांबला, आणि ती रस्त्याला लागेपर्यंत पुन्हा सुरू झाला नाही.